चालतं, पण

तुर्भ्याला एमआयडीसीच्या अंगाला भंगाराचे गाळे आहेत. त्यातल्या एका गाळ्यात २०२५ च्या जुलैत एका दुपारी मी उकिडवा बसून तारा मोजत होतो. हातात चपटी, राखाडी, ३४ तारांची रिबन केबल. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती पहिली तार. तिथून नखाने एकेक तार मागे टाकत जायचं. पहिल्या केबलमध्ये नऊ तारा सरळ गेल्या आणि १० ते १६ हा पट्टा पीळ देऊन उलटा जोडलेला निघाला. ती बाजूला टाकली. ढिगातून दुसरी ओढली. हिच्यात २४ तारा सरळ आणि २५ ते २९ पिळलेल्या. हीच हवी होती.

गाळ्यावरचा पोरगा मोबाइलमधून मान वर करून बघत होता.

"काका, दोन्ही सेमच आहेत की."

"नाहीत रे. ती फ्लॉपीची, ही हार्ड डिस्कची."

"मग लावून बघायची ना. बसली तर आपली."

"दोन्ही बसतात. तोच तर घोळ आहे."

त्याने केबल आणि मी निवडलेलं एक लांबलचक कार्ड काट्यावर टाकलं, मग काहीतरी आठवल्यासारखं करून कार्ड परत उचललं. त्याचा भाव वेगळा. जुन्या कार्डांच्या दातांवर सोन्याचा मुलामा जाड असतो, म्हणून तो माल चढ्या भावाने जातो. हे कार्ड कशाला लागतं, ते चालतं का, याच्याशी त्या भावाचा काही संबंध नव्हता. मी घासाघीस केली नाही. कार्ड शर्टाच्या आत, पोटाशी धरलं, वरून रेनकोट चढवला आणि ठाण्याची गाडी पकडली.

जुन्या मशीनवर झेनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा उठवायच्या या उद्योगाला सुरुवात झाली माळा आवरण्यापासून. नौपाड्यातलं आमचं घर जुनं आहे आणि त्याला माळाही जुन्या मापाचा आहे, म्हणजे एक माणूस आणि त्याचा भूतकाळ दोन्ही मावतील एवढा. निवृत्त झाल्यावर बायकोने पहिलं काम ते दिलं. तिथे मला १९८९ साली वापरलेल्या झेनिक्सच्या फ्लॉप्यांचं खोकं सापडलं, सव्वापाच इंची, १.२ एमबीच्या. त्याच्याखाली पोत्यात गुंडाळलेली एक २८६, म्हणजे २८६ चिपचा जुना पीसी. आणि पिशवीत माझी हिरव्या पुठ्ठ्याची वही.

झेनिक्स हे नाव आता कुणाला सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागते. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. मायक्रोसॉफ्टने तिचा परवाना घेतला, पण युनिक्स हे नाव वापरायला मिळेना, म्हणून झेनिक्स. घोषणा झाली २५ ऑगस्ट १९८० ला. होय, तीच मायक्रोसॉफ्ट, आणि डॉस या तिच्याच पुढच्या सिस्टिमचा अजून पत्ता नव्हता तेव्हा. पीसीवर ही सिस्टिम खऱ्या अर्थाने रुजवली ती सँटा क्रूझ ऑपरेशनने, म्हणजे एससीओने: १९८३ मध्ये ८०८६ आणि ८०८८ या चिपांसाठी, मग २८६ साठी, १९८७ मध्ये ३८६ साठी. एका पीसीला चार टर्मिनलं जोडायची आणि चार माणसांनी एकाच वेळी एकाच खतावणीत काम करायचं, हे तिचं वैशिष्ट्य. डॉसमध्ये एक माणूस, एक काम. आपल्याकडे बँकांच्या संगणकीकरणावरच्या १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत लेजर पोस्टिंग मशीनं शिरली आणि मोठ्या बँकांचं बघून पतपेढ्यांनाही तसलं काही आपल्याकडे असावं असं वाटू लागलं.

अशाच एका पतपेढीचं काम आमच्या छोट्या फर्मला मिळालं होतं. मी २२ वर्षांचा, नोकरीला वर्ष झालेलं. २८६ मशीन, २ एमबी मेमरी, ४० एमबीची सीगेट एसटी-२५१ डिस्क, चार टर्मिनलं, एक १३२ कॉलमचा प्रिंटर. मशीन जुळवायचं काम माझ्याकडे. हार्ड डिस्कचं कंट्रोलर कार्ड, म्हणजे डिस्क मशीनला जोडणारं कार्ड, घेताना दुकानदाराने दोन दाखवली, एक महाग, एक स्वस्त. मी विचारलं, "हे चालेल ना?" तो म्हणाला, "हंड्रेड पर्सेंट कॉम्पॅटिबल." मी स्वस्त घेतलं. साहेबांचे पैसे वाचवले म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

डॉसवर ते झकास चाललं. डिस्क फॉरमॅट झाली, सी कोलन आलं, डिरेक्टरी दिसली. मग झेनिक्सची पहिली फ्लॉपी घातली. ती एन वन. फ्लॉपीवरून सिस्टिम उठली, मेमरी मोजली, आणि डिस्कपाशी येऊन म्हणाली, डिस्क कुठाय? डिस्क समोर गुरगुरत होती. मी केबल काढून घातली. जंपर बदलले. कार्डाचा स्लॉट बदलला. पुन्हा डॉस लावला, डिस्क हजर. पुन्हा झेनिक्स, डिस्क गायब. रात्री अकरा वाजता पतपेढीच्या वॉचमनने चहा आणून दिला आणि विचारलं, "सायेब, बिघडलंय का?" बिघडलेलं काहीच नव्हतं, हेच तर कळत नव्हतं.

कारण समजलं ते दुसऱ्या दिवशी, मॅन्युअलच्या मागच्या पानांत. समजा तुम्हाला चाळीत कुणाकडे जायचंय. डॉस हा खालच्या भय्याला विचारून जाणारा माणूस. भय्या म्हणजे बायॉस, मशीनच्या चिपमध्येच कोरलेला मूळ प्रोग्रॅम. डॉसने "डिस्कवरचं अमुक वाचून दे" म्हटलं की पुढचं बायॉस बघणार. डिस्क कुठल्या खोलीत राहते याच्याशी डॉसला देणंघेणं नाही. माझ्या स्वस्त कार्डावर स्वतःची बायॉस रॉम होती, म्हणजे कार्ड आपला भय्या बरोबर घेऊनच आलेलं. सेटअपमध्ये "हार्ड डिस्क नाही" लिहिलं तरी डॉस खूश.

झेनिक्सला भय्या चालत नाही. २८६ च्या प्रोटेक्टेड मोडमध्ये ती चालते, तिथे एका माणसाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवू शकत नाही आणि म्हणूनच चार जण एका मशीनवर सुखाने नांदतात. पण बायॉस लिहिलेली आहे जुन्या रिअल मोडसाठी. प्रोटेक्टेड मोडमधून तिला हाक मारता येत नाही. मग झेनिक्स स्वतःच जिना चढते आणि थेट खोलीचं दार ठोठावते: पोर्ट १एफ० हा खोलीचा नंबर, इंटरप्ट १४ ही तिची घंटा. त्या खोलीत वेस्टर्न डिजिटलचं डब्ल्यूडी १००३ कार्ड किंवा त्याच्यासारखंच बोलणारं कुणीतरी राहतं, असं ती धरून चालते. आयबीएमच्या एटी या २८६ वाल्या पीसीमध्ये तसंच होतं. माझं कार्ड मात्र एक्सटी या त्याआधीच्या पीसीच्या घराण्यातलं, पोर्ट ३२०, इंटरप्ट ५. दुसरा मजला, दुसरं टोक. झेनिक्स बंद दार ठोठावून परत येत होती.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. कॉम्पॅटिबल होतंच ते. कशाशी, हे मी विचारलं नव्हतं. त्या काळात कॉम्पॅटिबल या शब्दाचा अर्थ "डॉस चालतो" एवढाच होता, आणि डॉस कशावरही चालायचा.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. डब्ल्यूडी १००३-डब्ल्यूए२ मिळालं, फरकाचे पैसे माझ्या पगारातून गेले. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या जातीच्या डिस्कवर सेक्टरांच्या खुणा कंट्रोलर आखतो, आणि एकाने आखलेलं दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही. माझ्या डिस्कच्या बाबतीत नाहीच आलं. म्हणजे लो लेव्हल फॉरमॅट पहिल्यापासून. डिस्कच्या पाठीवर कारखान्यातून चिकटवलेला कागद असे, कुठल्या सिलिंडरला कुठल्या हेडखाली पृष्ठभाग खराब आहे त्याची यादी. ती हाताने टाइप करायची. ८२० सिलिंडर, ६ हेड, ट्रॅकला १७ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की ४२.८ एमबी भरतात, आणि त्यातला प्रत्येक ट्रॅक तपासत डिस्क रात्रभर टिक टिक करत बसली. मीही बसलो. पतपेढी दोन दिवस उशिरा सुरू झाली आणि व्यवस्थापकांनी साहेबांना फोन करून माझा यथोचित उद्धार केला.

हिरवी वही त्या आठवड्यातली. तिच्यात मी तीन रकाने आखले होते: चालतं, चालत नाही, आणि चालतं पण. पहिल्या रकान्यात फार काही नाही. दुसरा बऱ्यापैकी भरलेला. तिसरा पुढची आठ-नऊ वर्षं भरत राहिला. "चालतं, पण टर्बोचं बटण बंद ठेवून." "चालतं, पण खालून दुसऱ्या स्लॉटमध्येच." "चालतं, पण चौथं टर्मिनल लॉगिन झालं की प्रिंटर अडतो." एससीओची छापील यादीही असायची, कुठली कार्डं, कुठल्या टेप, कुठली टर्मिनलं चालतात याची. पण लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या मालाच्या खोक्यावर एक नाव, कार्डावर दुसरं, आणि मोठ्या चिपवर तिसरं. आम्ही चिपवरचं वाचायचो.

टर्मिनलांची एक नोंद अर्धं पान अडवून बसली आहे. २५ पिनांचा कनेक्टर. २ आणि ३ उलटसुलट, ७ ला ७, बस, तीन तारांत टर्मिनल बोलतं. मी चारही केबली स्वतः डागल्या होत्या. तीन टर्मिनलांवर लॉगिन आलं, कॅशियरबाईंच्या टेबलावरचं काळंच. केबल बदलली, टर्मिनल बदललं, तिथे काळंच. झेनिक्समध्ये एकाच पोर्टची दोन नावं असतात. टीटीवाय वन ए, धाकटा ए असेल तर साधं टर्मिनल. थोरला ए असेल तर मोडेम. थोरला ए चालू केला की सिस्टिम ८ नंबरच्या पिनवर मोडेमच्या कॅरिअरची वाट बघत बसते, आणि माझ्या केबलमध्ये ८ नंबरला तारच नव्हती. एनेबल करताना माझं शिफ्टचं बटण दाबलं गेलं होतं. शिफ्ट! कॅशियरबाई शांतपणे पेनाने खतावणी लिहीत होत्या. "होऊ दे हो सावकाश," म्हणाल्या, "आमचं काही अडत नाही." नंतर त्यांच्या टर्मिनलवर खातेउतारा सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने उतरायला लागला, म्हणजे पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद, तेव्हा त्या दर वेळी तो भरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बघत बसायच्या. एवढी अदब मी त्यानंतर कुठल्या वापरकर्त्यात पाहिली नाही.

दोन वर्षांनी, १९९१ च्या २५ ऑगस्टला, फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. झेनिक्सची घोषणाही २५ ऑगस्टचीच. तारखेचा हा योगायोग मला गंमतशीर वाटतो. ही सिस्टिम एटी हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे, असं त्याने तेव्हा लिहिलं होतं. एटी हार्ड डिस्क म्हणजे तीच खोली, १एफ०, १४. पुढे लिनक्सचं काय झालं ते जगाला माहीत आहे. मला त्या वाक्यातला प्रामाणिकपणा आवडतो. माझ्याकडे आहे त्याच्यासाठी लिहितोय. दुकानदाराच्या हंड्रेड पर्सेंटपेक्षा ते कितीतरी भरवशाचं.

तर, माळ्यावरची २८६. पतपेढीने विंडोज घेतल्यावर ती मला देऊन टाकली होती. पोतं उघडलं तेव्हा मदरबोर्डच्या कोपऱ्यातली निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटून पाझरलेली, आजूबाजूचे तांब्याचे मार्ग हिरवे पडून खाल्ले गेलेले. खाडीकाठची हवा, त्यात वीस-बावीस पावसाळे. दुसरा बोर्ड शोधताना वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ३८६ चा मिळाला. झेनिक्सची २८६ ची आवृत्ती ३८६ वर चालते, ती चिंता नव्हती. पण त्याच्यावर घड्याळाची डॅलस चिप होती, जिच्या पोटातच बॅटरी असते. ती मेलेली, म्हणून बंद केलं की सेटअप साफ विसरायचा. चिपची बाजू कानशीने घासत घासत १६ आणि २० नंबरच्या पायांची आतली धातूची टोकं उघडी केली, जुन्या सेलचं नातं तोडलं आणि बाहेरून नाण्याएवढा सेल डागला. हात आता थोडा थरथरतो. दोन संध्याकाळी गेल्या.

फ्लॉप्यांवर बुरशी होती. पांढरी, जाळीदार, पापडावर येते तशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडही जातो. आवरणाला चीर देऊन आतली चकती काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, दुसऱ्या आवरणात घातली. सगळ्या वाचल्या, पंधराव्या प्रयत्नात का होईना.

आणि डिस्क. माझी एसटी-२५१ आणि तुर्भ्याचं कार्ड, बरोबर पिळाची केबल. विजेचं बटण दाबलं, डिस्क फिरली, तो उंच होत जाणारा आवाज आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. मग खर्रर्र झालं, पुन्हा खर्रर्र, आणि शांत. चार दिवस प्रयत्न केले. सगळं त्या काळातलं, सगळं यादीतलं, पहिल्या रकान्यातलं. चाललं नाही.

शेवटी भाच्याच्या जुन्या कॅमेऱ्यातलं ५१२ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घेतलं. आयडीई ही डिस्क जोडायची नंतरची पद्धत जेव्हा आली तेव्हा तिने केलं काय, तर कंट्रोलर उचलून डिस्कच्याच पाठीवर बसवला आणि बाहेर बोलायची भाषा डब्ल्यूडी १००३ ची ठेवली, तीच खोली, तीच घंटा. कॉम्पॅक्ट फ्लॅशही तीच भाषा बोलतं. मध्ये लागतो तो एक अडॅप्टर आणि आयडीईचं साधं कार्ड. सेटअपमध्ये टाईप ४७ घेतला, जिथे मापं आपली आपण भरायची असतात, आणि भरलं ८२०, ६, १७. म्हातारीचं माप नातीला. कार्डाने मुकाट्याने मानलं. जुन्या हार्डवेअरच्या शौकिनांना हे पाप वाटेल, मलाही थोडं वाटलं, कारण आवाजच नाही. झेनिक्सला काही पत्ता लागला नाही. ती कॅमेऱ्याच्या कार्डावर खराब ट्रॅक शोधत बसली, मन लावून, एकही सापडला नाही.

हा रविवार होता, २४ ऑगस्ट २०२५. सगळा संसार जेवणाच्या टेबलावर.

"अहो, बुधवारी गणपती यायचेत. हे कुठे जाणार आहे?"

"आज रात्री होतंय."

शेवटची फ्लॉपी निघाली, मशीन स्वतःच्या पायावर उठलं आणि झेनिक्स नेहमीसारखी तारीख विचारायला थांबली. वर्षाला दोनच आकड्यांची जागा. २५ लिहिलं तर ते १९२५ आणि युनिक्सची मोजणीच सुरू होते १ जानेवारी १९७० ला. ते करून पाहायची हिंमत मी केली नाही. पण वार चुकीचा दाखवणारी तारीखही टाकवेना. पतपेढीचे शनिवारचे हिशेब त्या वारावर चालायचे, ती सवय. २०२५ चे वार कुठल्या जुन्या वर्षाशी जुळतात ते बोटांवर मोजलं. १९८६ जुळतं, १९९७ जुळतं. ८६ मध्ये मी कॉलेजात होतो.

९७०८२४ आणि पुढे २२४० टाइप करून एंटर मारलं. रविवार आला. लॉगिन आलं. टेबल आवरायच्या आधी वही काढली आणि तिसऱ्या रकान्यात, १९९८ च्या नोंदीखाली, लिहिलं: चालतं, पण साल ९७.